हप्ता गोंडपिपरीत, बिल नागपुरात

गोंडपिपरीच्या बसथांब्यावर भल्या पहाटे घटकाभर उभे राहिले, म्हणजे या भागाच्या प्रकृतिमानाचा अंदाज घेण्यास सरकारी अहवाल चाळावे लागत नाहीत. एका हातात एक्स-रेची मोठी पिशवी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा आणि खिशात उसनवारीने जमविलेल्या नोटा घेऊन चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहणारा माणूस तेथे हमखास भेटतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. तापावर, जखमेवर, साध्या बाळंतपणावर तेथे इलाज होतो. पण छातीत कळ आली, मेंदूला इजा झाली, मूत्रपिंड निकामी होऊ लागले, की कोठारी आणि बल्लारपूर मागे टाकीत पन्नासएक किलोमीटरवरचे चंद्रपूर गाठावे लागते. आणि तेथेही निभाव लागला नाही, तर पुढे आणखी दीडशे किलोमीटरवर नागपूर. आजार गोंडपिपरीत जन्मतो, त्याचे नाव चंद्रपुरात कळते आणि त्याची किंमत नागपुरात मोजावी लागते. या तीन मुक्कामांच्या प्रवासात सुखवस्तू म्हणविणारी कुटुंबे दोन आठवड्यांत कर्जबाजारी होतात. हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. त्याबद्दल हळहळ व्यक्त करून आपण सर्वजण पुन्हा आपापल्या कामास लागतो, एवढेच.

या हळहळीपलीकडे जाऊन एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार वाचकांनी करावा, असे आम्हांस वाटते. मध्यम प्राप्तीच्या गृहस्थास परवडेल आणि वेळप्रसंगी खरोखर उपयोगी पडेल, असा खाजगी आरोग्यविमा मिळू शकतो काय? मिळत असल्यास तो कसा पारखून घ्यावा?

प्रथम हा प्रश्न कोणाचा आहे, ते पाहू. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि १९५२ पासून तिचा प्रत्यक्ष आरंभ झाला. १९५४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी स्वतंत्र आरोग्य योजना सुरू झाली. कोळसा खाणीतील कामगारास त्याच्या कंपनीचा दवाखाना आहे, राज्य सरकारच्या नोकरास वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची सोय आहे. परंतु गोंडपिपरीचा किराणा दुकानदार, खाजगी विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीसमोर टेबल मांडून बसणारा अर्जनवीस, तालुका न्यायालयातील तरुण वकील, धान-कापसाचा मध्यम बागाईतदार, यांच्यामागे कोणी उभे नाही. समाजात त्यांची गणना पांढरपेशांत होते, म्हणून त्यांस मदत मागण्याचा संकोच. आणि साठविलेला पैसा मात्र एका शस्त्रक्रियेपुरताही नसतो. आजचा आमचा सारा प्रपंच या वर्गासाठी आहे.

आपल्या देशात सर्वसाधारण विम्याचा धंदा १९७३ च्या आरंभी राष्ट्राच्या मालकीचा झाला. त्यानंतर १९८६ साली सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली, आणि रुग्णालयाच्या खर्चाचा विमा ही कल्पना मध्यमवर्गाच्या घरात प्रथम शिरली. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण स्थापन झाले व पुढे खाजगी कंपन्यांस दार उघडले गेले. आज परिस्थिती अशी आहे, की पॉलिसींची संख्या आजारांच्या संख्येशी स्पर्धा करील! ग्राहक मात्र एकच प्रश्न विचारतो: ‘हप्ता किती?’ उत्तरांत जो आकडा सर्वांत लहान, त्यावर तो सही करून मोकळा होतो. धोतरजोडी घेताना पोत चिमटीत धरून पाहणारा हा चिकित्सक गृहस्थ आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या कागदाच्या बाबतीत इतका भोळा कसा होतो, याचे आम्हांस नवल वाटते. स्वस्त वस्तू आणि किफायतशीर वस्तू यांत फरक असतो. विम्याची किफायत हप्ता भरण्याच्या दिवशी कळत नाही. ती दावा दाखल करण्याच्या दिवशी कळते.

खाजगी विम्याकडे वळण्यापूर्वी सरकारने जे दिले आहे ते पदरात पाडून घेणे, हे शहाणपणाचे पहिले पाऊल होय. २०१२ च्या जुलैत ज्या आठ जिल्ह्यांत राज्याची जीवनदायी आरोग्य योजना प्रथम सुरू झाली, त्यांत शेजारचा गडचिरोली जिल्हा होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. २०२३ च्या जुलैमधील शासननिर्णयाने तिचे छत्र राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांवर पसरण्याचे आणि मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचे ठरले. सत्तर वर्षांवरील वृद्धांस तर २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ‘आम्ही काही दारिद्र्यरेषेखालचे नव्हे,’ असे म्हणून अनेक सुशिक्षित माणसे याची चौकशीदेखील करीत नाहीत. हा अभिमान अनाठायी आहे. मात्र या योजनेच्या मर्यादाही ओळखाव्यात. ठरलेल्या यादीतील उपचार, तेही नोंदलेल्या रुग्णालयातच मिळतात. यादीबाहेरचा आजार, नोंद नसलेले रुग्णालय अथवा खाटांची टंचाई, यांपैकी एक अडचण आली तरी रुग्णाचा हात पुन्हा स्वतःच्या खिशात जातो. खाजगी विम्याचे खरे काम तेथून सुरू होते.

विम्याचे तत्त्व समजून घेण्यास आपणांस परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भातच, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने व महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने १९८० च्या आसपास आजूबाजूच्या खेड्यांत एक प्रयोग उभा केला. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या प्रयोगाशी कायमचे जोडले गेले आहे. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याच्याकडे जमीन अधिक त्याने अधिक, भूमिहीनाने थोडी. आणि त्या ज्वारीच्या बळावर वर्षभर गावाला आरोग्यसेवा व रुग्णालयातील उपचारांत सवलत मिळायची. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच ते गाव योजनेत घ्यावयाचे, असा दंडक होता. या दंडकामागील शहाणपण मोठे आहे. केवळ आजारी माणसेच विमा घेऊ लागली, तर निधी पहिल्याच वर्षी आटतो. निरोगी माणसांची ज्वारी पोत्यात पडते, तेव्हाच रोग्याच्या औषधाचा खर्च निघतो.

सेवाग्रामने ही अडचण गावाच्या एकोप्याने सोडविली. कंपनीस असा एकोपा उपलब्ध नाही; म्हणून ती प्रतीक्षाकालाची भिंत बांधते. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस अपघाताव्यतिरिक्त काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या ठरावीक विकारांस आणखी काही काळ थांबावे लागते. विमा घेतानाच जो आजार शरीरात आहे, त्यासाठीचा प्रतीक्षाकाल पूर्वी चार वर्षांपर्यंत असे. २०२४ च्या नव्या नियमांनी तो अधिकांत अधिक तीन वर्षांवर आणला आहे. याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास येथे पाणी मिळत नाही. तिशीत, प्रकृती धडधाकट असताना, ‘मला काय धाड भरली आहे?’ असे वाटण्याच्या वयातच विमा घ्यावयाचा असतो. पंचेचाळिशीत मधुमेहाचे निदान झाल्यावर घेतलेला विमा महाग पडतो आणि फळही उशिरा देतो.

याच ठिकाणी प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. प्रस्तावपत्र भरताना ‘रक्तदाब लिहू नका, उगाच हप्ता वाढेल,’ असा सल्ला देणारे हितचिंतक गल्लोगल्ली आहेत. आमचे सांगणे असे, की हा सल्ला मानणारा माणूस हप्त्यात चार पैसे वाचवितो आणि संपूर्ण दावा गमावितो. आपल्या भागात सिकलसेलचा विकार अनेक कुटुंबांत आहे. तो लपवून ठेवण्याची लाज बाळगू नये, कागदावर स्पष्ट लिहावा. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे, आणि माहिती दडविल्याचे कारण कंपनीच्या हाती देणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, हे संरक्षण नियमांनी दिले आहे. पण ते मिळविण्यासाठी हप्त्यात खंड पडू देता कामा नये.

आता गोंडपिपरीसारख्या गावी राहणाऱ्याने कोणत्या खास गोष्टी तपासाव्यात, ते पाहू. मुंबई-पुण्याच्या ग्राहकास उद्देशून लिहिलेल्या जाहिराती याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत.

पहिली गोष्ट, ‘रुग्णालय’ या शब्दाची व्याख्या. पॉलिसीच्या भाषेत प्रत्येक दवाखाना हे रुग्णालय नसते. कायद्यानुसार नोंदलेली संस्था हवी. नाही तर लहान गावी किमान दहा खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका व डॉक्टर, शस्त्रक्रियागृह इत्यादी अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. चार खाटांच्या, नोंद नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून तीन दिवस काढले आणि मग बिल कंपनीकडे धाडले, तर ते साभार परत येण्याचा संभव फार. तसेच साधारणतः चोवीस तासांचा मुक्काम झाल्याविना दावा होत नाही. काही उपचारांपुरताच याला अपवाद आहे.

दुसरी गोष्ट, रोकडविरहित उपचारांची सोय कोठे आहे. कंपनीच्या यादीत देशभर हजारो रुग्णालये असतील. आपणांस त्यांतील चंद्रपूरची किती आणि नागपूरची कोणती, एवढेच पाहावयाचे. २०२४ च्या जानेवारीपासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही ही सोय देण्याचे विमा कंपन्यांच्या परिषदेने जाहीर केले आहे. तथापि ठरवून करावयाच्या उपचाराची सूचना अठ्ठेचाळीस तास आधी आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत देणे त्यासाठी आवश्यक आहे. एरवी आधी पैसे भरा, मग बिले जोडा, मग वाट पाहा. आणि ज्याच्याजवळ आधी भरावयास पैसेच नाहीत, त्याने काय करावे?

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. काही कंपन्या देशाचे विभाग पाडून लहान गावच्या ग्राहकास कमी हप्ता लावतात. गोंडपिपरीच्या माणसास तो आकडा पाहून आनंद होतो. परंतु वरच्या विभागातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचा काही हिस्सा रुग्णाने सोसावा, अशी अट त्याच कागदाच्या पोटात असू शकते. ज्याचे मोठे आजारपण शहरातच निस्तरावे लागणार आहे, त्याला हप्त्यातील ही सवलत म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होय. म्हणून ‘नागपुरात, हैदराबादेत वा मुंबईत उपचार घेतल्यास माझ्या पदरचे किती जातील?’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

खोलीभाड्याच्या मर्यादेचे गणितही वाचकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा, विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीभाडे दररोज विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार रुपयांपर्यंतच मान्य आहे. रुग्ण पाच दिवस सहा हजारांच्या खोलीत राहिला. भाडे झाले तीस हजार. कंपनी देणार पंधरा हजार. येथेच प्रकरण संपत नाही. डॉक्टरांची फी, शुश्रूषा, शस्त्रक्रियागृह यांचे दर जेथे खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात, तेथे ही आकारणीही त्याच प्रमाणात कापली जाते. ती एक लाख असेल, तर पन्नास हजारच हाती येतात. औषधे व तपासण्या या कपातीतून वगळलेल्या आहेत, हे खरे. तरीही एकूण पासष्ट हजार रुपयांचा खड्डा पडला. वर्षाला हजार-दोन हजार रुपये वाचविण्यासाठी ही मर्यादा ज्याने पत्करली, त्याने सौदा चांगला केला असे कोण म्हणेल?

मग तुलनेसाठी माप कोणते घ्यावे? २०२० च्या एप्रिलपासून नियामक प्राधिकरणाने ‘आरोग्य संजीवनी’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी कंपन्यांकडून बाजारात आणविली. कोणाकडूनही घ्या, मूळ अटी समान. त्यात पाच टक्के खर्च रुग्णाने सोसावयाचा असतो. मूळ नमुन्यात खोलीभाड्यास दिवसाला पाच हजारांची आणि अतिदक्षता विभागास दहा हजारांची कमाल मर्यादा आहे. ती सर्वोत्तम आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ती एक प्रमाण मापटे आहे. अटी सारख्या असल्याने येथे हप्त्यांची तुलना प्रामाणिकपणे करता येते, आणि दुसरी कोणतीही पॉलिसी समोर आली, म्हणजे ‘संजीवनीहून यात अधिक काय आणि उणे काय?’ एवढे विचारले की विक्रेत्याची अर्धी भाषा आपोआप गळून पडते.

रक्कम वाढविण्याचाही एक काटकसरीचा मार्ग आहे. दहा-पंधरा लाखांची एकच पॉलिसी घेण्याऐवजी पाच लाखांची मूळ पॉलिसी व तिच्यावर ‘सुपर टॉप-अप’ घेतला, तर पुष्कळदा हप्त्यात बचत होते. वर्षातील एकूण खर्च पाच लाखांच्या पुढे गेला, की वरचा भार ही दुसरी पॉलिसी उचलते. येथे ‘सुपर’ या शब्दावर लक्ष असू द्यावे. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक आजारपणाचा खर्च स्वतंत्रपणे ती पायरी ओलांडावा लागतो. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या खर्चाची बेरीज धरतात. एका शब्दात लाखांचा फरक आहे. तसेच वृद्ध आईवडिलांस आपल्या कौटुंबिक पॉलिसीत गुंफू नये; कारण अशा पॉलिसीचा हप्ता साधारणतः सर्वांत वयोवृद्ध सभासदाच्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी ठेवावी. साठीवरील ग्राहकांचा हप्ता परस्पर वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविण्यास २०२५ च्या जानेवारीत प्राधिकरणाने प्रतिबंध केला, ही दिलाशाची गोष्ट आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर उठला, हीही.

कंपनीची पारख कशी करावी? मोठ्या इमारतीवरून व नटनट्यांच्या जाहिरातींवरून ती होत नाही. ग्राहकांकडून घेतलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी किती रुपये दाव्यांच्या रूपाने परत गेले, याचे प्रमाण प्राधिकरण आपल्या वार्षिक अहवालात छापते. हे प्रमाण फार खाली असेल, तर ती कंपनी घेते फार आणि देते थोडे. ते सतत शंभराच्या वर असेल, तर आज उदार असलेली ही कंपनी उद्या हप्ता वाढविणार, हे समजावे. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून मधला मार्ग शोधावा.

पॉलिसी हाती आल्यावर ती कपाटात न टाकता वाचावी. तीस दिवसांच्या आत ती परत करण्याचा अधिकार ग्राहकास आहे. सोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असा नियम आहे. आपण ते मराठीत मागावे. न मागणाऱ्यास इंग्रजीच मिळणार, आणि मग ‘आम्हांस समजले नाही’ या तक्रारीस अर्थ उरणार नाही. रोकडविरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडण्याच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असे कंपन्यांवर २०२४ पासून बंधन आहे, हेही ध्यानात असावे. दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकिलाची आवश्यकता नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. मुंबईला व पुण्याला लोकपालांची कार्यालये आहेत. गोंडपिपरीहून पुणे दूर आहे खरे, पण अर्ज टपालाने जातो!

एक सूचना आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. आपल्या जिल्ह्यात शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या पतसंस्था आहेत. केवळ विमा घेण्यासाठी गट बनविणे नियमांस मान्य नाही. पण अन्य हेतूने पूर्वीच स्थापन झालेल्या संस्थेस आपल्या सभासदांसाठी सामूहिक पॉलिसी घेता येते. पाचशे-हजार सभासदांच्या वतीने वाटाघाटी झाल्या, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाल माफ करून घेणे शक्य होते. एकट्या ग्राहकास ते सहसा साधत नाही. अर्थात् येथेही तोटे आहेत. वैयक्तिक विम्यास मिळालेली करमाफी सामूहिक विम्यास नाही, आणि करार वर्षावर्षाचा असल्याने पुढील वर्षीचे दर कंपनी वाढवू शकते. म्हणून प्रत्येकाने एक छोटी वैयक्तिक पॉलिसी चालू ठेवूनच गटात यावे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात पतसंस्थांच्या वार्षिक सभा लाभांशाच्या टक्क्यावर तासन् तास वाद घालतात. त्यांतील एक तास या विषयास मिळाला, तर सेवाग्रामच्या ज्वारीचे पोते नव्या रूपात आपल्या दाराशी उभे राहील.

इतके सांगितल्यावर एक सत्य नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. विमा पैसे देतो. तो डॉक्टर देत नाही, आणि रस्ताही जवळ आणीत नाही. चंद्रपुरास २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, हे मोठेच पाऊल होते. परंतु गोंडपिपरीच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि रक्ताची सोय अहोरात्र असेल, तर कित्येक रुग्णांस बसथांब्यावर उभेच राहावे लागणार नाही. खाजगी विम्याचा प्रसार झाला, म्हणून सरकारची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी काढू नये. उलट, हप्ता भरण्याची सवय लागलेला नागरिक सेवेचाही हिशेब मागू लागतो, आणि तसा तो मागावा, हीच आमची इच्छा आहे.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. या रविवारी प्रत्येक गृहस्थाने घरातील पॉलिसी, असल्यास, बाहेर काढावी. पत्नीस, मुलांस जवळ बसवावे. आणि चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात शोधावीत: कोणत्या रुग्णालयात चालते, खोलीला किती देते, कोणत्या आजाराला केव्हापासून देते, आणि माझ्या पदरचे किती जाते. उत्तरे सापडली नाहीत, तर सोमवारी कंपनीस पत्र लिहावे. पॉलिसीच नसेल, तर जीवनदायी योजनेची चौकशी करून मग हा शोध सुरू करावा. पहाटेच्या गाडीची वेळ आपल्यापैकी कोणावर केव्हा येईल, हे सांगता येत नाही. त्या दिवशी खिशात उसन्या नोटांऐवजी नीट वाचलेला कागद असावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे.